मी ओरडले तरी सोडायचं

ताईंनी मागून सायकलची सीट धरली की आपण किती घाबरलोय, ते आपल्या आधी त्यांना कळायचं.

कल्याणला गांधारी पुलाच्या अलीकडे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आमची सायकलची टाइम ट्रायल असते. आम्ही सगळे हौशी. कुणी बँकेत, कुणी वर्कशॉपमध्ये, कुणी माझ्यासारखा ऑफिसात. एकेकट्याने सुटायचं, पूल ओलांडून पडघ्याच्या रस्त्याला लागायचं, तिथे ठेवलेल्या नारिंगी कोनला वळसा घालून परत यायचं. दुसऱ्याच्या पाठीमागे लपून वारा चुकवायचा नाही. सुटताना दोन्ही बूट पेडलमध्ये अडकवलेले असतात, पाय जमिनीला टेकत नाहीत. म्हणून एक जण मागून सीट धरून आपल्याला उभं ठेवतो. घड्याळ सांभाळणारे सावंत सर तोंडासमोर पाच बोटं धरतात आणि एकेक मिटत जातात. शेवटचं बोट मिटलं की धरणाऱ्याने हात काढून घ्यायचा. ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं. हे धरण्या-सोडण्याचं काम ताईंचं.

प्रत्येकाच्या कानाशी त्या काहीतरी बोलायच्या. मला म्हणायच्या, "श्वास कोंडून ठेवलायस बघ. तो सोड आधी." आमच्यातले एक जाडजूड इंजिनियर होते, त्यांना म्हणायच्या, "साहेब, घाबरलात? छान. न घाबरणारे पहिल्या चढालाच मरतात." साहेब हसायचे आणि हसता हसता सुटायचे.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. नोकरी लागली होती, तपासणीसाठी रक्त द्यायचं होतं. माझे वडील मुरबाडकडच्या एका शाळेत शिपाई, पदवी घेतलेला घरातला मी पहिला. खुर्चीत बसलो आणि दरदरून घाम फुटला. रक्त काढणाऱ्या बाई पन्नाशीच्या आतल्या, उंच, आवाज खडा.

"इकडे बघू नकोस, माझ्याशी बोल. गाव कुठलं?"

"मुरबाडजवळ."

"मग साप-विंचू बघितले असशील."

"बघितलेत."

"त्यांना बघून एवढा घामाघूम झालेलास का? हे बघ, झालंसुद्धा."

मी डोळे उघडले तर समोर खुंटीला हेल्मेट अडकवलेलं. विषय निघाला. दोघंही ठाकुर्लीला राहणारे निघालो. "रविवारी काय करतोस?" त्यांनी विचारलं. झोपतो, असं मी सांगितलं. खरं म्हणजे त्या दिवसांत मी कुणाशी बोलतच नव्हतो. ऑफिसात सगळे फाडफाड इंग्रजी बोलायचे आणि मी डबा घेऊन जिन्यात बसायचो. "झोपून काय होतंय? ये पुलावर," ताई म्हणाल्या. ग्रुपमधल्या कुणाची तरी जुनी सायकलही त्यांनीच मिळवून दिली. ह्या शहरात मला नावाने हाक मारणारं पहिलं माणूस म्हणजे ताई.

माझ्या सुरुवातीच्या ट्रायल मी आठवू नयेत अशाच आहेत. पहिल्यांदा चढावर चेन पडली. मग वाटेतल्या बापगावच्या पुढे पंक्चर. मग कुत्री मागे लागली आणि मी कोनच्या अलीकडूनच परत फिरलो. एकदा सगळं जुळून आलं म्हणून जीव तोडून गेलो, तर येताना समोरून असा वारा, की सायकल चिखलात रुतल्यासारखी वाटली. ताई हसायच्या. "तू सायकल चालवत नाहीस रे, तिच्याशी भांडतोस." आणि मग जरा हळू आवाजात, "ह्यात एक बरं असतं. रडू आलं तर बघायला कोणी नसतं."

त्या स्वतः का सुटत नाहीत, हे मला सावंत सरांनी सांगितलं. मी यायच्या आदल्या वर्षी बापगावजवळ एक डंपर त्यांना इतक्या जवळून घासून गेला की नुसत्या वाऱ्याने सायकल खडीत गेली. खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, खांदा पूर्वीसारखा फिरायला लागला, पण ताई पुलावर आल्या त्या धरायला. मी एकदा धीर करून विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "समोरचं दिसतं रे. मागचं नुसतं ऐकू येतं."

तरी दर महिन्याला त्या आपला नंबर घ्यायच्या. पाठीला पिनांनी लावायच्या आणि वरून विंडचीटर घालायच्या. सगळे सुटून झाले की सावंत सर त्यांच्याकडे बघायचे. "पुढच्या महिन्यात," असं म्हणून ताई नंबर काढायला लागायच्या, काढलेल्या पिना दातांत धरून. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही.

एका हिवाळ्यात त्यांनी मागवलेली सायकलची ट्यूब द्यायला मी लॅबमध्ये गेलो होतो. एका आजीबाईंच्या हाताला पट्टी बांधून ताई सुई टेकवणार, तेवढ्यात बाहेर रस्त्यावर कुणीतरी कर्कश हॉर्न दिला. ताईंचा हात उडाला. आजीबाई ओरडल्या, "अगं बाई, काय करतेस!" ताईंनी दुसऱ्या मुलीला बोलावलं आणि बाहेर पॅसेजमध्ये येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"आधी फक्त डंपरची भीती वाटायची," त्या म्हणाल्या. "मग रस्त्याची वाटायला लागली. आता नुसत्या हॉर्नची. रोज एवढ्या लोकांच्या हातात सुई घालते मी. हात असाच उडायला लागला तर मला कोण ठेवील इथे? आणि ठेवली तरी मी कशी टोचू?" मग म्हणाल्या, "मला एकदा त्या कोनपर्यंत जाऊन यायला हवंय. तू धरशील?"

"मी? सावंत सर आहेत ना."

"ते फार भले आहेत रे. ते सोडणारच नाहीत. तू सोडशील. मी ओरडले तरी सोडायचं. कबूल?"

मी कबूल म्हणालो.

त्या रविवारी मी पहिल्यांदा कुणाची तरी सीट धरली. ताईंनी बूट अडकवले, खटक-खटक असा आवाज आला. सीटखालच्या दांड्यातून त्यांच्या अंगातली थरथर माझ्या मनगटात उतरत होती. सरांची बोटं मिटत गेली. शेवटच्या बोटाला ताई अगदी हळू, लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "सोडू नकोस." माझा हात निघालाच नाही.

"ताई, घड्याळ सुरू झालंय," सर म्हणाले. टाइम ट्रायलचं घड्याळ स्वारासाठी थांबत नाही. आम्ही दोघं तसेच उभे. पुलावरून एक टेम्पो गेला, मग दुसरा. शेवटी ताई म्हणाल्या, "उतरव मला." चहाच्या वेळी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कबूल केलेलंस." आणि मग, "जाऊ दे. पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात त्या खरंच ओरडल्या. "थांब, थांब, सोडू नकोस रे!" आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. मी डोळे मिटून हात काढून घेतला.

सायकल कठड्याकडे झोकांडली, सावरली, आणि ताईंची पाठ पुलावर लहान होत गेली.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते मला नीट सांगता येणार नाही. त्या दिवशी ताई मधल्या नंबरवर सुटल्या होत्या. त्यांच्या आधीचे परत आले. मग नंतरचे येऊ लागले. प्रत्येकाला मी विचारत होतो, "ताई दिसल्या?" इंजिनियर साहेब धापा टाकत म्हणाले, "जाताना दिसल्या, कोनच्या जवळ होत्या. येताना नाही दिसल्या." रस्ता एकच, सरळ. न दिसायला त्या जातील कुठे? मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. तेवढ्यात कल्याणकडून एक अ‍ॅम्ब्युलन्स आली आणि सायरन वाजवत पुलावरून पडघ्याच्या दिशेने गेली. आपण हात सोडला, असं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. ज्या बाईने मला ह्या शहरात उभं केलं, तिला मी सोडलं, ती नको म्हणत असताना.

"मी बघून येतो," मी सायकल उचलली.

"थांब जरा," सरांनी हँडल धरलं.

ऊन चढलं होतं. पुलाच्या पलीकडच्या टोकाला एक हेल्मेट दिसलं. इतकं सावकाश येत होतं की ते आमच्याकडे येतंय की लांब जातंय तेच कळेना. ताई होत्या.

कोनला वळसा घालून येताना बापगावला मागून डंपरची रांग आली म्हणून त्या सायकल घेऊन एका चिंचेच्या झाडामागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. रांग संपली तरी पाय निघेना. फोन वाजत होता, पण हँडलवरची बोटं सुटत नव्हती. अ‍ॅम्ब्युलन्स समोरून गेली तेव्हा त्यांना वाटलं, ही आपल्यासाठीच आली. आणि मग, "आपण तर धड आहोत की," असं म्हणून त्या निघाल्या.

सरांनी नियमाप्रमाणे वेळ वाचून दाखवली. आमच्या ग्रुपमध्ये इतकी वाईट वेळ कुणीच दिली नव्हती. ताईच म्हणाल्या, "सर, माझ्यासाठी घड्याळ नको. कॅलेंडर आणत जा." हसू फुटलं. त्या हशातच ताई खाली बसल्या, गुडघ्यांना मिठी मारली आणि कितीतरी वेळ नुसत्या थरथरत राहिल्या. मी शेजारी बसलो. भीती गेली का, असं विचारलं.

"जाते कुठे? आज तर नीट भेटली."

त्यानंतर त्यांचा हात कधी उडाला नाही, असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण हॉर्नला त्या अजूनही दचकतात. फक्त आता दचकल्या की सुई ट्रेमध्ये ठेवतात, पेशंटला सांगतात, "थांबा हं, मी घाबरले," आणि मग सावकाश टोचतात. पेशंट हसतात, आणि हसताना त्यांचा हात सैल पडतो.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या आजारपणामुळे ताई आणि त्यांचे यजमान चिपळूणकडे गावी गेले. तिथेही एक लहानशी लॅब आहे, तिथे त्या जातात. दर रविवारी सायकलही काढतात. रस्ता घाटाचा, वळणावळणाचा, मागून गाडी येते ती अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. परत आल्या की मला एका शब्दाचा मेसेज करतात, 'पोचले.' तो येईपर्यंत मी सायकलला हात लावत नाही.

मागच्या रविवारी मेसेज आलाच नाही. आठ वाजले, नऊ वाजले. फोन लागेना. मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. दहाच्या सुमाराला त्यांचाच फोन आला. घाटात रेंज नव्हती.

"घाबरलास?"

"हो," मी म्हणालो. "तिकडे निघताना तुम्हाला धरतं कोण?"

"कोण धरणार? एक पाय दगडावर टेकते, 'सोडू नकोस' म्हणते, आणि निघते," ताई म्हणाल्या. "तू का घरात बसलायस अजून? जा, ऊन चढेल."