न काढलेला केर

काष्टीहून निघताना सासूबाईंनी आम्हा दोघांच्या हातावर दही घातलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यो इमान घिऊन गेला की लगीच केर काढू नगं. माघारी येऊ दे, मंग झाड." माणूस बाहेर पडल्यावर लगेच झाडू नये, ही रीत मला ठाऊक होती. पण लोक शीव ओलांडेपर्यंतच थांबतात. माझा माणूस तर ब्रह्मदेशावर बॉम्ब टाकायला जाणार होता.

ह्यांना उडण्याचं वेड लहानपणापासूनचं. काष्टीच्या बाजारात मामंजी बैलांचे दात बघायचे आणि हे घारी. "बापाचं ध्यान बैलात, ह्येचं आभाळात," असं सासूबाई येईल त्याला सांगत.

बंगालमध्ये, विमानतळापासून दोन कोसांवर, एका मास्तरांच्या घरात आम्ही बिऱ्हाड केलं. सकाळी सहा विमानं डोक्यावरून जात. सहाही परत येईपर्यंत मी पुस्तकाचं एकच पान उघडून बसे. पायाखाली धूळ. मराठी बायका आळशी असतात, असं मास्तरीणबाईंचं मत झालं होतं.

एकदा पाचच आली. सहावं दिवेलागणीला आलं, ते ह्यांचं. जेवताना म्हणाले, "वरून नदी काय दिसते! तुला एकदा दाखवायला हवी." खाली काय झालं, ते कधीच बोलले नाहीत. मी ताटं उचलली आणि केरसुणी घेतली.

लढाई संपली. हे टपालाची विमानं चालवू लागले, आम्ही नागपूरला आलो. मला वाटलं, भीती संपली. एका सकाळी हे गेले आणि मी सहज घर झाडून काढलं. दुपारी विमानतळावरची दोन माणसं टोप्या हातात घेऊन दारात उभी राहिली.

काष्टीला परतल्यावर मी केरसुणीला हात लावीना. शेवटी सासूबाईंना सांगून टाकलं, "त्या दिवशी मी केर काढला होता."

त्यांनी मला जवळ बसवलं. मग म्हणाल्या, "म्या तर रोजच काढायचे, पोरी. लढाई हुती तवाबी. धुळीत ऱ्हातंय का कुनी?"

"मग मला का सांगितलंत?"

"भ्यालेल्या मानसाला कायतरी नेम लागतो. तुला दिला."

आता मी केडगावच्या शाळेत शिकवते, सुटीला काष्टीला जाते. परवा केडगावला परतताना मोटार चुकली आणि तासाभराने मी घरी माघारी आले. ऊन अंगणात आलं होतं. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, केरसुणी कोपऱ्यात. घरात सकाळचा केर तसाच होता.