लिफ्टच्या दाराशी बोलणारा माणूस

लिफ्टमध्ये माणूस अडकला की त्याच्याशी बोलत राहायचं, हा लिफ्टदुरुस्तीतला पहिला धडा. आत अंधार असतो, पंखा बंद असतो, आणि घाबरलेला माणूस आतून दार ओढायला लागला तर जिवावर बेततं. म्हणून एक मेकॅनिक गच्चीवरच्या मोटररूममध्ये जाऊन ब्रेक सैल करतो आणि हाताने चाक फिरवत लिफ्ट मजल्याला लावतो. दुसरा खाली दाराशी किल्ली घेऊन उभा राहतो आणि आतल्या माणसाला धीर देतो. कोणी हवापाण्याचं बोलतं, कोणी मुलाबाळांची चौकशी करतं. एका कंपनीतला असा दाराशी उभा राहणारा मेकॅनिक मात्र येशूबद्दल बोलायचा.

कंपनीत त्याला सगळे पाद्री म्हणत. पाद्री कसला, रविवारी उपासनेला मागच्या बाकावर बसणारा साधा माणूस. पण दाराच्या फटीला तोंड लावून तो विचारायचा, "ताई, एकट्याच आहात का आत?" आतून हो आलं की म्हणायचा, "मलाही तसंच वाटायचं." मग आपण दारूत कसे बुडालो होतो, बायको कशी माहेरी गेली होती आणि त्या गाळातून प्रभूने हात धरून कसं बाहेर काढलं, ते सांगायचा. वर चाक फिरवणारा जोडीदार सगळ्यांना ऐकवायचा, "मी वर घाम गाळतो आणि हा खाली स्वर्गाचं दार उघडतो. पगार दोघांना सारखाच."

कोणी आतून शिव्या द्यायचे, कोणी रडायचे. एकदा एक आजीबाई दार उघडल्यावरही बाहेर येईनात. म्हणाल्या, "थांब बाबा, तुझं पुरं होऊ दे."

हे सगळं ऐकून त्याची बायको हसायची. घरात मात्र तिचं हसू टिकत नसे. ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरी धुवायची, आणि नवरा घरातलं एकेक वाटून टाकायचा. तिने हौसेने आणलेला नवा कुकर एका सकाळी दिसेना. शोधशोध शोधला, तर तो मागच्या गल्लीत दुसऱ्याच बाईच्या चुलीवर शिट्ट्या देत होता. "अगं, तिला पाच मुलं आहेत," नवरा म्हणाला. "आपण दोघंच. आपलं पातेल्यातही शिजतं."

"शिजतं हो," ती म्हणाली. "शिजवायला मी आहे ना."

विश्वास तिचाही होता. पण नवरा प्रार्थनेत दुसऱ्यांची नावं घ्यायचा, आणि ती घर मागायची. दहा वर्षं चाळीच्या सामाईक नळावर भांडून तिचा आवाज घोगरा झाला होता. शेवटी नवऱ्याच्या कंपनीने नोकरीबरोबर एक खोली दिली. खिडकी होती, आणि आत स्वतःचा नळ. पहिल्या दिवशी तिने तो नळ उगीचच चारदा सोडून पाहिला.

त्या खोलीत वर्षही झालं नसेल, तोच नवरा एका म्हाताऱ्याला पाठीवर घालून घेऊन आला. म्हातारा एका इमारतीचा वॉचमन होता. जिन्यावरून पडला आणि कमरेखाली सगळं गेलं. त्याच्या मुलाने दवाखान्यातूनच पाठ फिरवली होती. "चार दिवसांचा प्रश्न आहे," नवरा म्हणाला. त्या चार दिवसांचं आता तिसरं वर्ष चालू होतं. नवरा रोज कामावर जाण्याआधी त्याला पुसून काढायचा आणि पुसता पुसता प्रभूच्या गोष्टी सांगायचा. म्हाताऱ्याला दोघंही बाबा म्हणत. बाबांची जीभ मात्र कमरेच्या वर असल्यामुळे शाबूत होती. "तुझा देव लंगड्यांना चालवतो म्हणतोस ना," ते म्हणायचे, "मग त्याला आमच्या खोलीचा पत्ता दे की." आणि नवरा मोठ्याने हसून पुढे सांगत राहायचा.

मग एक तक्रार आली.

एका ऑफिसच्या इमारतीत सहाव्या मजल्यावरचा साहेब लिफ्टमध्ये अडकला होता. सुटका झाल्यावर त्याने कंपनीला कळवलं, की या माणसाने मला धर्माचे धडे दिले आणि ते संपेपर्यंत मुद्दाम दार उघडलं नाही. मॅनेजरने नवऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं.

संध्याकाळी तिने विचारलं, "अहो, उद्या काय सांगणार?"

"झालं ते."

"म्हणजे काय?"

"बोललो ते बोललो. पण कोंडून ठेवलं नाही. वर चाक फिरत होतं, लिफ्ट मजल्याला लागलीच नव्हती. दार उघडलं असतं तर तो खड्ड्यात गेला असता."

"मग दुसरं तेवढं सांगा. पहिलं गाळा."

"पहिलं खोटं आहे का?"

तिने पलंगाकडे पाहिलं. बाबांचा डोळा लागला होता. ती दबक्या आवाजात म्हणाली, "ठीक आहे, सांगा खरं. नोकरी जाईल, खोली जाईल. मी बहिणीकडे पडेन, तुम्ही झोपाल कुठल्या तरी जिन्याखाली. बाबांना कुठे ठेवायचं तेवढं मात्र आजच ठरवा."

नवऱ्याचा चेहरा एकदम उतरला. तिच्या डोळ्यांपुढे बाबा नव्हतेच, नळ होता. पण कुठे दाबलं की या माणसाला कळ येते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी तीही बरोबर गेली. मॅनेजरची केबिन प्लायवूडची, वरून उघडी. बाहेरच्या बाकावर बसून तिला सगळं ऐकू येत होतं. तक्रार करणारा साहेबही आत होता.

"काका," मॅनेजर म्हणाला, "तक्रार दोन गोष्टींची आहे. तुम्ही धर्माचं बोललात, आणि ते संपेपर्यंत दार उघडलं नाही. बोललाच नसाल तर दुसरी गोष्ट आपोआप पडते. वरच्याला काही ऐकू येत नाही, म्हणजे साक्षीदारही नाही. मला तुम्हाला काढायचं नाहीये. आता सरळ सांगा, येशूबिशूचं काही बोललात का?"

ती बाकावर हात जोडून बसली होती. एवढ्या कळवळून तिने आयुष्यात कधी प्रार्थना केली नव्हती. नवऱ्याने येशूचं नाव घेतलंच नाही असं म्हणावं, म्हणून ती येशूलाच विनवत होती.

"नाही सर," नवऱ्याचा आवाज आला. "मी फक्त घाबरू नका म्हणालो."

"खोटं बोलतोय हा," साहेब म्हणाला. तेवढं मात्र साहेबाचं खरं होतं.

नोकरी राहिली, खोली राहिली. घरी येऊन तिने बाबांना सगळं सांगून टाकलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. बाबा छताकडे बघत ऐकत होते.

"माझ्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठीच की."

"मला विचारलं होतंत?"

ती चुलीकडे वळली.

महिनाभराने नवऱ्याचा कामावरचा जोडीदार तिला रस्त्यात भेटला. "वहिनी, पाद्रीचं काय बिनसलंय? परवा आतली बाई जीव तोडून ओरडत होती, बाहेर कोणी आहे का म्हणून. मला वर मोटररूमपर्यंत ऐकू आलं. मी खाली येऊन बघतो, तर हा दाराशीच उभा. हातात किल्ली, तोंडात शब्द नाही."

"काम तर करतात ना?" तिने विचारलं.

"काम काय, पहिल्यापेक्षा चोख करतो."

घरीही तेच. बाबांना पुसणं एक दिवस चुकलं नाही. पाणी कोमट, फडका स्वच्छ, कूस बदलताना हात पूर्वीसारखाच हळुवार. पण खोलीत ऐकू यायचा तो फडका पिळल्याचा आवाज. बाबांनी डिवचून पाहिलं, "काय रे, तुझा देव रजेवर गेला का?"

"बाबा, हात वर करा," तो म्हणाला.

ती नळाखाली बादली भरत होती. बादली भरून वाहायला लागली तरी ती तशीच उभी होती. मग तिने नळ बंद केला.

"अहो, सांगा की त्यांना पूर्वीसारखं काहीतरी. इथे कोण तक्रार करणार आहे?"

त्याने फडका दोरीवर टाकला आणि नीट ताणून सारखा केला. "तू सांग," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. "तुला सगळं माहीत आहे." त्याने डबा उचलला आणि तो कामावर गेला.

ती पलंगाच्या कडेला बसली. बाबांनी मान तिच्याकडे वळवली आणि ते वाट बघत राहिले. आता त्यांच्या तोंडावर चेष्टा नव्हती. माहीत तर तिला खरंच सगळं होतं. माहेरी गेली होती ती तीच, आणि तो शुद्धीवर येऊन दारात उभा राहिला तेव्हा दार उघडलं तेही तिनेच. कुठून सुरुवात करायची हेही ठाऊक होतं. तिने दोनदा तोंड उघडलं.

"बाबा," ती म्हणाली, "चहा टाकू का?"

बाबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "टाक," ते म्हणाले, आणि मान भिंतीकडे वळवली.