बसायला जाण्याचा वर्ग

पाचवी ‘ब’चा अख्खा वर्ग एका सुरात रडताना मी आयुष्यात एकदाच ऐकला. मुदखेडच्या शाळेत तेव्हा मी नवखा मराठीचा शिक्षक होतो. मुलं कविता एका सुरात म्हणायची, पाढे एका सुरात म्हणायची, आणि त्या दिवशी रडलीही तशीच. आज इतक्या वर्षांनी दुपारी डोळा लागला की तो सूर कधीकधी कानाशी येतो आणि मला वाटतं, घंटा झाली, उठलं पाहिजे.

रडण्याचं कारण लाल्या. लाल्या शाळेचा कुत्रा, म्हणजे कुणाचाच नाही. पाण्याच्या टाकीखाली राहायचा, मुलांच्या डब्यावर जगायचा. तो आजारी पडला तेव्हा मुलांनी पोत्यात गुंडाळून त्याला व्हरांड्यात आणला आणि मी जनावरांच्या दवाखान्यात निरोप धाडला. लुना फटफटवत एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्याच डॉ. सुमित्राताई सोनकांबळे. त्यांनी लाल्याला तपासलं, सुई दिली, पण उशीर झाला होता. लाल्या गेला.

हेडमास्तर म्हणाले, “चला रे, वर्गात चला. कुत्रं होतं ते.”

ताईंनी बॅग बंद केली. मला वाटलं, आता निघतील. पण त्यांनी मला विचारलं, “सर, आत्ता कुठला तास हाय?”

“मराठीचा.”

“मला द्या.”

त्या व्हरांड्यातल्या फरशीवर मुलांत बसल्या आणि म्हणाल्या, “मला लाल्या ठाऊक नव्हता. कसा होता, सांगा बरं.” मग एकेक मूल बोलू लागलं. एकीनं सांगितलं, तो भाकरी खायचा पण पोळी खायचा नाही. एकानं माझ्याकडे बघत बघत सांगितलं, “कवितेच्या तासाला तो झोपायचा, बाई.” रडणारी मुलं हसली. मीही हसलो. तास संपला तेव्हा मुलांनी लाल्याला चिंचेखाली पुरलं आणि ताई लुनावर बसून गेल्या. हीच आमची पहिली ओळख.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला ‘ताईंच्या कार्यावर’ लिहायला सांगितलं आहे. कार्य हा शब्द ताईंना चालत नाही, म्हणून कामावर लिहितो.

ताई मूळच्या उदगीरच्या. वडील रेल्वेत गँगमन. घरात शिकलेल्या त्या पहिल्याच. पशुवैद्यक झाल्या तेव्हा नातेवाईक म्हणाले होते म्हणे, “डॉक्टर झालीस ते बरं झालं, पण माणसाची का नाही झालीस?” लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत त्यांनी नोकरी केली. गायी-म्हशी, शेळ्या, कोंबड्या हे सगळं खात्याचं काम. पण खात्याच्या कुठल्याच नियमात नसलेली एक गोष्ट त्यांना सतत दिसत होती. जनावर दगावलं की डॉक्टरचं काम संपतं आणि घरच्यांचं सुरू होतं. त्या सुरू झालेल्याकडे बघायला कुणी नाही.

आपल्याकडे घरात माणूस गेलं की गावातले लोक बसायला जातात. जाऊन फार बोलत नाहीत. पाणी पितात, गेलेल्या माणसाच्या दोन आठवणी काढतात, उठतात. शेजारी भाकरी करून देतात. पण घरातलं कुत्रं, मांजर, राखलेला म्हातारा बैल गेला तर कुणी येत नाही. उलट रडणाऱ्यालाच लाज वाटायला लावतात. निवृत्त झाल्यावर ताईंनी नांदेडला एका शिकवणीच्या खोलीत रविवारचा वर्ग सुरू केला. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं : पाळीव प्राण्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला आधार देण्याचे प्रशिक्षण. आम्ही त्याला बसायला जाण्याचा वर्ग म्हणत असू. पुढे लातूरलाही त्याच्या तुकड्या झाल्या. दवाखान्यातले मदतनीस, कॉलेजच्या मुली, प्राण्यांच्या औषधांचं दुकान चालवणारे जावेदभाई, आणि माझ्यासारखा रिकामा म्हातारा, असे आम्ही विद्यार्थी.

मी तिथे कसा पोचलो ते सांगायला हवं. माझी पत्नी गेली, आणि वर्षभरानं तिची मांजर मनी गेली. मनी गेल्यावर मला जेवण जाईना. मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, आई गेली तेव्हा तुम्ही इतके खचला नव्हता.” कुठून कळलं देव जाणे, संध्याकाळी ताई दारात हजर. बसल्या, पाणी प्यायल्या, म्हणाल्या, “गुरुजी, मनी कशी होती?” मी सांगायला लागलो ते पत्नीचंच सांगत गेलो. तिचा स्वयंपाक, तिचं रागावणं, शेवटचं आजारपण. दिवेलागण होऊन गेली तरी ताईंनी मध्ये शब्द टाकला नाही. उठताना मात्र म्हणाल्या, “मनीचं राहिलंच की सांगायचं. उद्या येते.” आणि खरंच आल्या.

वर्गाची पद्धत साधी होती. एकानं दुःखातलं माणूस व्हायचं, दुसऱ्यानं त्याच्या घरी जायचं, बाकीच्यांनी बघायचं. फळ्यावर न बोलायची वाक्यं लिहिलेली असत. ‘जनावरच होतं.’ ‘वय झालं होतं.’ ‘सुटलं बिचारं.’ ‘दुसरं आणा.’ दर रविवारी त्यांत भर पडे. एकदा माझी पाळी आली. समोर कॉलेजची एक मुलगी होती, तिनं पोपट गेल्याचं सोंग घेतलं होतं आणि घेता घेता ती खरंच रडायला लागली. मला शाळेतली एक कविता आठवली. मी ती पूर्ण म्हटली, चालीत. खोली शांत झाली. मला वाटलं, जिंकलो.

ताई म्हणाल्या, “गुरुजी, ती रडून राहिली अन् तुम्ही कविता म्हणून राहिले. कविता लई चांगली होती. पण त्या लेकराला रडणं थांबवून तुमच्या कवितेला मान डोलवावी लागली. दुःखबी तिचंच अन् मेहनतबी तिचीच?”

तेव्हापासून मी कविता घरी ठेवून जातो. रस्त्यात म्हणतो, दार आलं की थांबतो.

मूल्यं वगैरे लिहायची तर एकच प्रसंग लिहितो. रेणापूरकडच्या एका गावात एका शेतकरी घराण्याचा कुत्रा गेला. पंधरा वर्षं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्या-खळ्यावर, राखण केलेला. घरातले आजोबा तोंडाला पाणी लावीनात. सुनेनं फोन केला. त्या घरी ताई नोकरीच्या सुरुवातीला जात तेव्हा चहा वेगळ्या कपात मिळायचा, आणि तो कप त्यांनाच विसळून ठेवावा लागायचा. हे त्यांनी आम्हाला वर्गात एकदाच सांगितलं, तेही आमच्यातल्या एकीनं भांडण झालेल्या जावेच्या घरी बसायला जाऊ का असं विचारलं म्हणून. ताई म्हणाल्या, “ज्याच्या घरी जायचं त्याच्याशी आपलं काय झालंय, ते चपलांसंगं बाहेर काढून ठेवायचं. विसरायचं न्हाई. परत जाताना घालायच्याच की चपला.” सुनेचा फोन आला त्या दिवशी ताई आजोबांजवळ दुपारभर बसल्या होत्या. आजोबांनी पाणी घेतलं. चहा आला तो कसल्या कपात, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आता जे लिहितो ते संपादकांना कदाचित गैरसोयीचं वाटेल. पण ते वगळून ताईंवर लिहिणं मला जमणार नाही.

दिवाळीनंतर ताईंची सोनी गेली. सोनी म्हणजे त्यांची गावठी कुत्री, रस्त्यावरून उचलून आणलेली. ताई एकट्या राहतात, त्यामुळे घरात दोघीच. सोनी गेल्याचं आम्हा सगळ्यांना त्याच दिवशी कळलं. आणि आमच्यापैकी एकही गेला नाही. मुद्दाम नव्हे. प्रत्येकाला वाटलं, ताईंपुढे जाऊन आपण काय बोलणार? त्या आपलं प्रत्येक वाक्य ओळखतील. जावेदभाई मला दुकानात म्हणाले, “गुरुजी, जाके क्या बोलूं मैं? मॅडमने सबच मना किया ना.” आम्ही दोघं हसलो आणि आपापल्या घरी गेलो. पुढच्या रविवारी फोनवर ताईंचा निरोप आला : वर्ग बंद ठेवत आहे. पंचाहत्तरीचा सत्कारही नको. गौरव समितीत धांदल उडाली. हॉल ठरला होता, ग्रंथाची छपाई ठरली होती. पण मला धास्ती वेगळीच होती. हा वर्ग बंद झाला तर नांदेडात आणि लातुरात रडणाऱ्याच्या दारात जाणारं कुणी उरणार नव्हतं.

अखेर जावेदभाई आणि मी गेलो. जयभीम केला, बसलो. ताईंनी पाणी दिलं.

“लई दिवसांनी आलात,” ताई म्हणाल्या.

मी खरं ते सांगितलं. “काय बोलावं कळेना, ताई.”

“त्येच म्हणते मी. इतकी वर्षं मी तुम्हाला काय बोलायचं न्हाई ते शिकवलं. अन् तुम्ही इतके चांगले विद्यार्थी निघाले की आलेच न्हाईत.” आवाजात राग नव्हता, हिशेब होता. “यायचं शिकवायचं राहून गेलं माझ्याकडून. मग वर्ग चालवून उपयोग काय?”

जावेदभाई खाली बघत म्हणाले, “मॅडम, गलती हमारी है.”

“चूक कुणाची ते ऱ्हाऊ द्या. झालंय ते असं झालंय.”

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. कविता ओठांशी आली होती, ती गिळली. गौरवग्रंथाच्या शेवटी जे म्हणतात तेच तोंडातून गेलं. म्हणालो, “ताई, तुम्हाला खूप आयुष्य मिळावं एवढंच मागणं आहे.”

ताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “आयुष्य मागताय, म्हंजे आणखी एखादं कुत्रं माझ्यासमोर जाईल की, गुरुजी.” मग म्हणाल्या, “मागायचंच तर गुडघे मागा. वर्गाच्या खोलीला जिना लई हाय.”

तर मी गुडघे मागतो. ताईंचे गुडघे धड राहोत, डोळे-कान शाबूत राहोत, उदगीरच्या गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळो, आणि त्या शंभरीला पोचोत. मला शंभरीच्या समारंभाला येता येणार नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

त्या दिवशी ताईंच्या घरी बसून हे मनात जुळवत असतानाच फाटक वाजलं आणि दारात त्यांच्या शेजारचे बळीराम पाटील उभे राहिले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सोनीच्या भुंकण्यावरून त्यांनी महापालिकेत तक्रार केली होती आणि तेव्हापासून ताईंशी त्यांचं बोलणं नव्हतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. हातात फडक्यात बांधलेला डबा. वर्गाचं तोंड त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

“गावाकडं होतो मॅडम, काल आलो,” ते उंबऱ्यातूनच म्हणाले. “तुमचं कुत्रं मला कधीच आवडलं न्हाई. खोटं कशाला बोलू. पण रात्री झोप लागंना. ते भुंकायचं तर वाटायचं, गल्लीत कुणीतरी जागं हाय. हिनं भाकरी दिल्यात. जेवलात का न्हाई तुम्ही?”

ताईंनी पदरानं तोंड पुसलं. मग मला म्हणाल्या, “गुरुजी, जरा सरका तिकडं. पाटलांना बसू द्या.”