बाभळीची पुंगळी

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोनारीच्या यात्रेत बंदोबस्ताला उभी होते. दोन महिने ज्या फोनची धास्ती घेऊन वावरत होते, तो हाच. त्या धास्तीपायीच मी त्यांच्या गावी, माकणीला, त्यांना भेटायला गेले नव्हते...

अण्णा म्हणजे आमच्या शस्त्रागाराचे हवालदार. मी फौजदार असून रिव्हॉल्व्हरच्या परीक्षेत दोनदा नापास झाले, तेव्हा साहेबांनी मला त्यांच्या हवाली केलं. माझ्या गोळ्या हटकून खाली जायच्या. एरवी कडक सलाम ठोकणारे अण्णा रेंजवर मात्र मला पोरीच म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला न सांगता चार खऱ्या गोळ्यांत दोन पुंगळ्या, म्हणजे झाडलेली रिकामी काडतुसं, मिसळून भरली. पुंगळीवर नुसतं टक् वाजलं आणि नळी मात्र सपशेल झुकली! अण्णा पोट धरून हसले. "आत गोळीच न्हाय, मग दचकली कशापाई? तू आवाजाच्या आदीच घाबरती, पोरी. चाप सावकाश ओढ. आवाज त्याच्या येळंला व्हईल."

मग रोज हजेरीनंतर सराव. रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर पुंगळी उभी करायची आणि ती न पाडता चाप शेवटपर्यंत ओढायचा. खरी पुंगळी मोजून शस्त्रागारात परत जमा करावी लागते, म्हणून त्यांनी मला बाभळीच्या लाकडाची कोरून दिली. महिनाभर ती फरशीवर टपटपत राहिली आणि अण्णा दर वेळी वाकून उचलून देत राहिले, कपाळाला आठी न घालता. मी पास झाले तेव्हा पेढे त्यांनीच वाटले.

निवृत्त होऊन ते माकणीला गेले आणि वर्षभरात कॅन्सर निघाला. "एकदा येऊन जा," असा निरोप आला. मी आधी बंदोबस्ताचं कारण सांगितलं, मग रजेचं. खरं तर मला ते झिजलेले अण्णा बघायचे नव्हते, एवढंच. भ्याले मी. दहाव्याला गेले आणि त्यांच्या पत्नीचा, काकूंचा, हात धरून म्हटलं, "वाट बघायला लावली मी त्यांना." काकू शांतपणे म्हणाल्या, "वाट कुटं बघत व्हते, बाई. म्हनायचे, ती न्हाय यायची. आवाजाच्या आदीच घाबरती ती."

पुंगळी टेबलाच्या खणात आहे. अजूनही हजेरीनंतर ती नळीवर उभी करते, चाप ओढते. ती जागची हलत नाही. इतका स्थिर हात असून मला तासाभरावरच्या माकणीला जाता आलं नाही.