पाळण्याची पट्टी

यंदाच्या पाडव्याला मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकवताना मी कधी आवाज चढवला नाही. त्यामुळे हे लिहिताना माझे मलाच नवल वाटते. तरीही लिहिते, कारण या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळात या गोष्टीला ‘छोटीशी गडबड’ म्हणण्याची पद्धत पडू लागली आहे.

ब्राह्मणपाऱ्यातल्या मंडळाच्या लहानशा राममंदिरात रामनवमीला माध्यान्ही पाळणा हलतो, तो दोरीने नव्हे, विणलेल्या पट्टीने. पट्टीचा मध्य पाळण्याच्या दांडीखालून जातो. एक टोक पुरुषांच्या हाती असते, दुसरे स्त्रियांच्या. ती पट्टी दरवर्षी मी विणते. आदल्या वर्षीची पट्टी नवी आल्यावर खारून नदीत विसर्जित होते.

हे विणकाम मागावर होत नाही. जाड पुठ्ठ्याचे चौकोनी पत्ते कापायचे, चारही कोपऱ्यांना भोके पाडायची, प्रत्येक भोकातून एक सूत ओवायचे. पत्त्यांची जुडी हातात धरायची. सुतांचे एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरे आपल्या कमरेला. जुडी एका कोपऱ्याने फिरवली की सुतांमध्ये वाट उघडते. तिच्यातून आडवा धागा घालायचा, ठोकून घट्ट बसवायचा आणि पुन्हा जुडी फिरवायची. कोणत्या भोकात कोणता रंग आणि सूत पत्त्यात कोणत्या बाजूने शिरले, एवढ्यावर सारी नक्षी ठरते.

मात्र पत्ते पुढे फिरवत गेले की पलीकडच्या सुतांना पीळ चढतो. अखेर पत्ता हलेनासा होतो. कोणी तेव्हा गाठी सोडून पीळ काढून टाकतात. मला ही विद्या माझ्या गुरुपत्नींनी पोथ्या बांधण्यासाठी शिकवली. त्यांची रीत निराळी होती. मध्य आला की पत्ते उलट फिरवायचे, जेवढे पुढे तेवढेच मागे, आणि दर फेऱ्याला रामनाम. पट्टी पुरी होते तेव्हा उरलेल्या सुतात पीळ नसतो, आणि मध्याच्या दोन बाजूंची नक्षी एकमेकींसमोर बसलेली असते.

यंदा मी कमळे योजली होती. चौकटीच्या कागदावर आधी रंग भरून पाहिले. दोन्ही टोकांना मिटलेल्या कळ्या, मग पाकळ्या हळूहळू उघडत गेलेल्या, आणि मध्याजवळ पूर्ण उमललेले कमळ. दोन्हीकडची फुले मध्याकडे तोंड करून. अगदी मध्यावर वीतभर जागा कोरी, पिवळी. तिथे पाळण्याची दांडी टेकणार. होळीनंतर लगेच मी विणून झालेली पट्टी देवापुढे ठेवली आणि पुजाऱ्यांनी मंदिराच्या कपाटात नेऊन जपून ठेवली.

पाडव्याला तेलीबांध्याला आमच्या मंडळाच्या नव्या हॉलचे उद्घाटन होते. मंगलाचरणासाठी मला बोलावले होते. मी आत समईपाशी बसले होते. बाहेर बँडवाले जोरात होते. मध्येच दाराकडून हशा ऐकू आला आणि कोणीतरी ओरडले, “साहब, दरवाजा ही नहीं चाहता कि आप अंदर आएँ!”

मी उठून दाराशी गेले. दाराच्या दोन खांबांना माझी पट्टी ताणून बांधलेली होती. तिच्या पलीकडे प्रमुख पाहुणे, हातात तबकातली शोभेची कात्री. ठोकून बसवलेले ते विणकाम कात्रीच्या पात्यांत येत नव्हते. पाहुणे घामाघूम झाले होते आणि मंडळी हसत होती. मी “थांबा” म्हणाले, पुन्हा मोठ्याने म्हणाले. बँडच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? मंडपवाल्याने कनात कापायची मोठी कात्री पुढे केली. पाहुणे मधोमध उभे, म्हणून कापही मधोमध, त्या कोऱ्या पिवळ्या जागेवर. टाळ्या झाल्या. मग साहेब पायातल्या बुटांसह आत आले आणि त्यांच्या टाचेखाली एक कमळ गेले.

मी मंगलाचरण केले नाही. समईची वात सरळ केली, पट्टीचे दोन्ही तुकडे सोडवून घेतले आणि रिक्षा करून घरी आले.

संध्याकाळी अध्यक्ष आले, सोबत तरुण सचिवबाई. अध्यक्ष नागपूरकडचे, मोठ्या हुद्द्यावरचे इंजिनियर.

“काकू, तुम्ही नाराज होऊन राहिल्या. डेकोरेटरनं रिबन आणलीच नाही ऐन वेळी. मंदिरातून समई आणाले गाडी गेली होती, मीच फोन केला, काकूची पट्टी घेऊन या म्हणून. रामाचीच हाय, याच्याहून शुभ काय?”

“इन्टेन्शन तो अच्छा था ना, आंटी,” सचिवबाई म्हणाल्या.

शुभ! देवाची वस्तू देवाला न विचारता उचलायची, पाहुण्याच्या कात्रीखाली द्यायची आणि वर तिलाच शुभ म्हणायचे!

“रिबन नव्हती तर दार तसेच उघडता आले असते,” मी म्हणाले. “किल्ली तुमच्याच खिशात होती.”

“शिवून घेऊ ना. समता कॉलोनीत एक टेलर हाय, जोड दिसनारच नाही. नाहीतर छोटीशी बनवून द्या, नवमीले टाइम हाय अजून.”

“यंदा पट्टी नाही. आणि कोणी विचारले तर उत्तर तुम्ही द्यायचे, पाळण्यापाशी उभे राहून.”

अध्यक्ष हसले. “कोन विचारते, काकू!”

विचारणारी होती. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या वृद्ध पत्नी दरवर्षी स्त्रियांकडचे टोक धरतात. नवमीला माध्यान्ही त्यांनी सवयीने हात पुढे केला, तो रिकामाच राहिला.

“काहून रे, पट्टी कुठं हाय?”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी मूर्तीकडे पाहत राहिले.

“हॉलच्या दाराले बांधली होती, आजी,” ते शेवटी म्हणाले. “पाहुन्यानं कापली. बांधाले मीच सांगितलं होतं.”



“रामाचा पाळना कापून दार उघडलं? अन् मंग आत कोन आलं, सांग ना!” आजी कडाडल्या. “इकडं ये. धर दांडी. हातानं हलव, अन् आरती होईस्तोवर हात काढू नको.”

पाळणा बुटका, अध्यक्ष उंच. कमरेत वाकून, घाम पुसायला हात मोकळा नाही अशा अवस्थेत ते पाळणा हलवत राहिले. मला त्यांची दया आली नाही असे नाही. पण मी आजींना थांबवलेही नाही.

प्रसाद घेताना ते जवळ आले. “काकू, पुढच्या वर्षी?”

“विणीन. पण ती तुमच्या कपाटात येणार नाही. नवमीला सकाळी मी ती घेऊन येईन आणि आरती झाली की ती माझ्याबरोबर घरी जाईल.”

“हव, काकू.”

“आणि हॉलच्या भिंतीवर तो फोटो लावला आहे म्हणे, कात्री आणि पट्टीचा. तो काढा.”

पण फोटोत पाहुणे आहेत. “हे मले मीटिंगमध्ये ठेवा लागन,” ते म्हणाले.

अजून ठेवलेले नाही. फोटो भिंतीवर आहे, आणि मी त्या हॉलमध्ये पाऊल टाकलेले नाही.