जिन्याच्या खिडकीतला फोन

तिला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिनं माझी चूक पकडली त्या दिवशी. मी तेव्हा सातवीला गणित शिकवत होते आणि सहामाहीची प्रश्नपत्रिका छापायला दिली होती. प्रूफ आणायला प्रेसमध्ये गेले तर समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलेलं : ‘प्रश्न चौथा सोडवून पाहिला. भिंत बांधायला साडेसात गवंडी लागतात. अर्धा गवंडी कुठून आणायचा?’

“हे कोणी लिहिलं?” मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या टेबलामागून एक सडपातळ मुलगी उभी राहिली. नाकाच्या शेंड्यावर शाईचा ठिपका. “मी. चुकलं असेल तर खोडते, बाई,” ती म्हणाली. पण खोडरबराकडे तिचा हात काही गेला नाही.

ती मालकांची थोरली सून. तिच्या नवऱ्याला शाईच्या वासानं शिंका येत, म्हणून तो बँकेत चिकटला आणि त्याची प्रेसमधली जागा हिनं घेतली. धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा, मग मशीनवरची माणसं म्हणू लागली, मग गिऱ्हाईकं. पोस्टमनसुद्धा वहिनीच म्हणतो. मीही म्हणते, माझ्यापेक्षा ती दहा वर्षांनी लहान असून.

समोर आलेला मजकूर नुसता जुळवणं तिला कधी जमलंच नाही. लग्नपत्रिका आली की तारीख आणि वार जुळतात का ते ती आधी पाहणार. एकदा तर एका लग्नात मुलाकडचे सोमवारी आणि मुलीकडचे मंगळवारी पोचणार होते. ते तिच्यामुळे एकाच दिवशी भेटले. खिळे गेले, कॉम्प्युटर आला, चष्मा आला, पण तिचा एक नियम तसाच राहिला : एका वेळी एकच खिळा बदलायचा, मग प्रूफ काढून बघायचं. दोन बदलले तर चोर कोणता ते कळत नाही.

या नियमाची कसोटी लागली ती गेल्या वर्षी, आमच्या शाळेच्या पन्नाशीच्या अंकाच्या वेळी. पन्नास वर्षांचे वर्गावर्गांचे फोटो त्यात होते, आणि फोटोंखालची नावं तपासायचं काम माझ्याकडे होतं. अंक वरच्या खोलीत वहिनीच्या जुन्या लॅपटॉपवर तयार झाला होता, आणि तो लॅपटॉप जागचा हलवला की बंद पडे. अंक खाली, मशीनशेजारच्या दिराच्या कॉम्प्युटरवर जायला हवा होता. अंतर अठरा पायऱ्यांचं. एरवी फाईल इंटरनेटवरून जायची. म्हणजे सातासमुद्रापलीकडे जाऊन अठरा पायऱ्या खाली उतरायची. पण त्या दिवशी सकाळीच रस्ता खोदणाऱ्यांनी तार तोडली, आणि भिंतीवरचा वाय-फायचा डबाही डोळे मिटून बसला.

पेनड्राइव्हचा प्रश्नच नव्हता. कुण्या गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून रोग आला आणि मशीननं दोन दिवस नुसते काळे चौकोन छापले, तेव्हापासून दिरानं आपल्या कॉम्प्युटरची सगळी भोकं मेणानं बुजवून टाकली होती.

मी पावणेदहाला पोचले तेव्हा तो जिन्याखाली उभा राहून बोलत होता. “वहिनी, बारापर्यंत अंक मशीनवर चढायला हवा. नाही तर मशीन तीन दिवस दुसऱ्या कामाला. फाईल आली नाही तर शाळेला मी काय तोंड दाखवू? आणि खरं सांगू? मजकूर लावून देणारे बाहेरच्या ऑफिसवाले तयार फाईल वेळेवर पोचवतात. आज हे जमलं नाही, तर पुढच्या महिन्यापासून कंपोझिंग त्यांच्याकडे.”

वहिनीनं वरच्या खोलीतल्या, खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीकडे एकदा पाहिलं, आणि आपला फोन उचलला.

फोनचा हॉटस्पॉट लावायचा, वरचा लॅपटॉप आणि खालचा कॉम्प्युटर दोन्ही त्याला जोडायचे, आणि फाईल परस्पर पाठवायची, असा तिचा बेत. बाहेरच्या इंटरनेटची गरजच नाही. मधल्या भिंती जाड, म्हणून फोन ठेवला जिन्याच्या वळणावरच्या खिडकीत. शेजारची इमारत टेकून उभी राहिल्यापासून त्या खिडकीतून उजेड येत नसे. तिथून वर आणि खाली सारखीच पोच. फोनला कुलूप नव्हतं. “माझ्या फोनात चोरायला आहे काय? प्रुफं?” असं तिचं म्हणणं.

पहिल्यांदा तर लॅपटॉपला खालचा कॉम्प्युटर दिसेचना. वहिनी खाली उतरली, चष्मा वर सरकवून स्क्रीनजवळ गेली. “भावोजी, जोडताना यानं तुम्हाला विचारलं असेल, हे नेटवर्क घरचं की परकं?”

“विचारलं. मी परकं म्हणालो. सुरक्षित असतं.”

“घरच्या माणसाला परकं म्हणालात, मग ते दार कसं उघडेल?”

मशीनवरचा माणूस खो खो हसला. दिरानं मान खाली घालून ते बदललं. वहिनीनं एक छोटी फाईल पाठवली. ती टुणकन पोचली. मग अंक निघाला. लॅपटॉप म्हणाला, पंचवीस मिनिटं. चौदाव्या मिनिटाला सगळं तुटलं. फोन पाहिला, तर हॉटस्पॉट बंद.

तिनं पेन्सिलीनं वहीत लिहिलं : १०.१९. फोनमध्ये एक सोय असते, काही वेळानं हॉटस्पॉट आपोआप बंद करायची. ती तिनं काढून टाकली. बाकी कशाला हात लावला नाही. पुन्हा पाठवली. १०.४० ला पुन्हा बंद. मग बॅटरी वाचवायची सोय काढली. पुन्हा पाठवली. १०.५८. बंद.

“फोन तापतोय,” दीर म्हणाला.

“हात लावून बघा. तुमच्या डोक्यापेक्षा गार आहे.”

“मग फाईल मोठी आहे.”

“फाईल मोठी आहे म्हणून ती हळू जाईल. हॉटस्पॉट कशाला बंद पडेल?” मग ती एकदम माझ्याकडे वळली. “बाई, तुम्ही मघाशी चहा घेऊन वर आलात, तेव्हा जिन्यात दिवा होता?”

“नव्हता. चाचपडत आले. कप हिंदकळला.”

“आणि मी तर लावून ठेवला होता.” तिनं वही मिटली. “चोर सापडला.”

मालक, म्हणजे तिचे सासरे, तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते. प्रेसच्या वरच असलेल्या त्यांच्या घरात एकच धर्म : खोलीतून जाणारानं चालू असेल ते मालवून जायचं. गुडघे दुखत असले तरी दिवसातून वीस वेळा वर-खाली करून ते हा धर्म इतरांच्या वतीनंही पाळत. अलीकडे नातीनं त्यांना फोनचं शिकवलं होतं : वरून पडदा खाली ओढायचा आणि निळं दिसेल ते दाबायचं, बॅटरी वाचते. तेव्हापासून घरातला कुठलाही फोन बेवारशी दिसला की मालक त्यातलं निळं मालवत.

“मी आत्ताच जाऊन सांगतो त्यांना,” दीर उसळला.

“सांगा. अर्धा तास वाद होईल आणि बारा वाजतील.” वहिनीच्या डोळ्यांत, साडेसात गवंड्यांच्या वेळी होती, तशी चमक आली. “शिवाय बोललेलं ते कधी ऐकतात का?”

हे मात्र खरं. बोललेलं हवेत जातं, छापलेलं राहतं, हे मालकांचं ब्रीद. प्रेसभर त्यांच्या पाट्या होत्या : ‘यंत्राजवळ गप्पा मारू नयेत.’ ‘हात पुसून कागदास स्पर्श करावा.’ खाली ठळक : ‘हुकमावरून, मालक.’ आणि या पाट्या सगळ्यांत काटेकोरपणे पाळणारा माणूस म्हणजे खुद्द मालक.

वहिनीनं पाच मिनिटांत मजकूर लावला. तेच जाड अक्षर, तीच किनार. छापला, फोनवरच्या भिंतीला चिकटवला :

‘या खिडकीतील फोन चालू ठेवावा. कोणीही हात लावू नये. हुकमावरून, मालक.’

“अहो वहिनी, त्यांनी कधी दिला हा हुकूम?”

“विचारलं असतं तर दिलाच असता,” ती म्हणाली, आणि फाईल सोडली. अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

आम्ही वरच्या दारामागे उभ्या राहिलो, दीर खाली. साडेअकराच्या सुमारास काठीचा आवाज आला. मालक वळणावर थांबले. खट्. दिवा गेला. मग हात फोनकडे वळला. वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलं. तेवढ्यात हात थांबला. पुन्हा खट्. दिवा आला. मालकांनी खिशातून चष्मा काढला, पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग खाली वाकून गरजले, “अरे, या फोनला कोण सारखा हात लावतं? पाटी दिसत नाही का?”

खालून दिराचं नुसतं “हो बाबा” आलं. तेही हसू दाबल्यानं चिरकलेलं.

मालकांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. ते तिथंच पायरीवर बसले, काठी आडवी धरून, पहाऱ्याला. चहाचा कप घेऊन खाली निघालेल्या मलासुद्धा त्यांनी “भिंतीकडून जा, बाई” म्हणून बजावलं.

अकरा चव्वेचाळीसला अंक खाली पोचला. बाराच्या आत मशीन धडधडायला लागलं. दीर वर आला, दारात जरा घुटमळला. बाहेरच्या ऑफिसचं नाव त्यानं काढलं नाही. “वहिनी, नव्या वर्षाची दिनदर्शिका कधीपासून लावायला घेताय?” एवढंच म्हणाला.

“अंकाची शाई वाळू दे, भावोजी.”

दुसऱ्या दिवशी मी अंकाचे पहिले गठ्ठे न्यायला गेले, तेव्हा मालक पाटीसमोर उभे होते. “सूनबाई, ही पाटी मी कधी लावायला सांगितली?”

“परवाच की, मामंजी.”

त्यांनी पाटीच्या किनारीवरून बोट फिरवलं. “किनार जरा जाड हवी होती,” म्हणाले, आणि वर निघाले. जाताना दिवा मालवला.

वहिनी आता सत्तावन्न वर्षांची आहे. रोज दहा वाजता, फायली थेट खाली धाडायला, ती फोन जिन्याच्या खिडकीत, त्या पाटीखाली ठेवते आणि वर जाऊन खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत कामाला बसते. फोनला अजून कुलूप नाही.