व्हिएन्नातली घोडागाडी

बायको आणि मी मुलाकडे व्हिएन्नाला गेलो होतो. परतीचे दिवस जवळ आले तेव्हा त्यानं आमच्या हातात ट्रामचे पास ठेवले. "बाबा, उद्या तुम्ही दोघंच शहर बघून या. मला सुट्टी नाही."

त्याआधी एकदा जेवताना त्यानं विषय काढला होता. सुनेची रजा संपतेय, नात लहान आहे, आई इथंच राहिली तर बरं होईल. मी ताट सरकवून उठलो होतो. मग कुणी काही बोललं नाही आणि मी समजलो, विषय मिटला.

मी सांगलीकडून पोरवयात चेन्नईला आलो, सोनं गाळायच्या भट्टीवर कामाला. पुढं स्वतःची भट्टी टाकली. मला कुणी काही दिलं नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून. त्यात बायकोची साथ होती. सौदा अडला की ती पदर सावरून उठायची आणि एक शब्द न बोलता चालू पडायची. मी बसून राहायचो, म्हणायचो, "बघा, मालकीणच निघाली." चेन्नईतली तांबरमची जागा अशीच मिळाली. वेलचेरीच्या फ्लॅटचा बिल्डर तर तिच्यामागे रस्त्यापर्यंत धावला होता.

सकाळी राजवाडा पाहिला. ती म्हणाली, "एवढ्या खोल्या, आणि राहायला कुणी नाही."

"टोमणा मारतेस?"

"दिसतं ते बोलले. तुमच्या मनाला सगळंच लागतं."

बागेत बसून लिंबूभात खाल्ला आणि मोठ्या चर्चपाशी गेलो. तिथं घोडागाड्या उभ्या होत्या. "बसूया का हो?" ती म्हणाली. दिवसभरात तिनं मागितलेलं तेवढंच.

काळ्या गोल टोपीतल्या गाडीवानानं दराच्या पाटीवर बोट ठेवलं. मी निम्मे देतो म्हटलं. तो हसला. मी थोडा वर सरकलो, तो हलेना. तेवढ्यात बायको वळली आणि चालू पडली. मला बरं वाटलं. परक्या मुलखातही विसरली नाही. मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "बघ, बायको निघाली."

गाडीवान उंच बसला होता. तिच्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "सर, त्या रडतायत."

चर्चच्या भिंतीशी ती तोंड फिरवून उभी होती.

"अगं, काय झालं? देतो त्याला मागेल तेवढे. चल."

"नको. गाडीत बसून सांगणार होते. म्हटलं, चालत्या गाडीतून तरी हे उठून जाणार नाहीत."

"काय सांगणार होतीस?"

"मी इथंच राहते म्हणून सांगितलंय पोराला. तुम्ही ताट सरकवलंत ना, त्याच दिवशी."

मी ओरडलो. येणारेजाणारे वळून बघायला लागले. "आणि मी? मी एकट्यानं काय करायचं त्या फ्लॅटमध्ये?"

"तुम्हीपण राहा."

"आणि भट्टी कोण बघणार?"

"म्हणूनच विचारलं नाही." तिनं डोळे पुसले. "सहा महिने, तीन महिने, असं काही काढू नका आता. माझ्याशी भाव नका करू. मी दमले हो."

मी काढणारच होतो. तोंडात आलेलं गिळलं.

ट्रामनं घरी आलो. सुट्टी नसलेल्या मुलानंच दार उघडलं. त्यानं आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं 'सांगितलं' म्हणून मान डोलावली. मग तो मला म्हणाला, "बाबा, चहा टाकू?"

आता मी चेन्नईत आहे. संध्याकाळी भट्टीवरून येतो, कुलूप काढतो, दिवा लावतो. फोनवर नात दिसते, तिच्यामागे बायको दिसते, जरा बरी दिसते. मुलानं आईला ठेवून घेतलं, हा राग एखादे दिवशी जाईलही. पण बापाला सांगायची वेळ आली तेव्हा त्यानं तिला एकटीला पुढं केलं. तो राग जात नाही. म्हणून मुलगा फोनवर आला की मी जेवायला बसतो म्हणतो आणि ठेवून देतो.